आपल्या नाल्याचं जर्नल
(अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

जर्नल कसं लिहितात हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री सिनियरची फाईल आणायची, थर्मासमध्ये चहा भरून ठेवायचा आणि पहाटे चारपर्यंत छापून मोकळं व्हायचं. ऑब्झर्व्हेशन टेबलसुद्धा तेच! फक्त दशांशचिन्हानंतरचा एखादा आकडा इकडचा तिकडे, म्हणजे सरांना संशय नको. मी स्वतः सात सेमिस्टर हेच केलेलं आहे, तेव्हा उपदेश करायचा अधिकार मला नाही.

पण आज ज्या जर्नलबद्दल लिहितोय ते वेगळं आहे. त्याला मार्क नाहीत, व्हायव्हा नाही, एक्स्टर्नल येत नाही. आणि ते छापताही येत नाही, कारण जो रविवार गेला तो कोणाच्याच फाईलमध्ये सापडत नाही. (छापता येत नाही म्हणालो खरं, पण आम्ही तेही करून पाहिलं. ते पुढे येईलच.)

हॉस्टेलच्या मागे, रपट्याखालून जाणारा नाला सगळ्यांनी पाहिलेला आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तो दोनच वेळा आठवतो : जुलैमध्ये रपट्यावरून पाणी जायला लागलं की, आणि क्रिकेटचा बॉल तिकडे गेला की. तीन वर्षांपूर्वी आमच्या दोन सिनियर्सनी एक दोनशेपानी वही घेतली आणि दर रविवारी सकाळी साडेसहाला तिथे जाऊन काही गोष्टी लिहायला सुरुवात केली. पाण्याची खोली किती, धार किती, पाण्याचा रंग-वास कसा, दगडाखाली कोणते किडे, काठावर कोणते पक्षी. ते पास होऊन पुण्याला गेले, वही आमच्याकडे आली. आता आम्ही जाणार. म्हणून हा लेख.

या प्रकाराला इंग्रजीत सिटिझन सायन्स म्हणतात, मराठीत नागरिक विज्ञान म्हणा. शास्त्रज्ञ मोजके, आणि देश एवढा मोठा. प्रत्येक तळ्यावर, नाल्यावर, झाडाखाली पगारी माणूस बसवता येत नाही. मग जे लोक तिथे राहतातच त्यांनी एका ठरलेल्या पद्धतीने नोंदी करायच्या आणि त्या एकत्र करून शास्त्रज्ञांनी अर्थ काढायचा, एवढी साधी कल्पना आहे. 'ठरलेल्या पद्धतीने' हे दोन शब्द मात्र अधोरेखित करून ठेवा.

याचं एक जुनं आणि अजून चालू असलेलं उदाहरण अमेरिकेतलं. तिकडे नाताळला बंदुका घेऊन निघायचं आणि ज्या गटाने जास्त पशुपक्षी मारले तो जिंकला, असा खेळ होता. १९०० साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञाने सुचवलं की मारण्याऐवजी मोजून बघा. त्या नाताळला २७ जण बाहेर पडले. ती मोजणी आजतागायत थांबलेली नाही, आणि तिकडच्या कुठल्या पक्ष्याचं शंभर वर्षांत काय झालं हे सांगायला तीच वही उपयोगी पडते.

अमेरिका कशाला, आपल्या विदर्भातलंच बघू. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांमध्ये महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस राहतात. दरवर्षी जून महिन्यात, पावसाच्या तोंडावर, तिथली 'सेवा' ही संस्था, वनविभाग आणि गावातले शेतकरी मिळून सारसांची गणना करतात. वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी पहाटे आपापल्या जागी हजर राहायचं, म्हणजे तोच सारस उडून दुसरीकडे गेला तरी दोनदा धरला जात नाही. यात ज्याच्या शेतात घरटं आहे तो शेतकरीच सगळ्यात चांगला निरीक्षक ठरतो, आणि मोजायला लागल्यावर घरट्याकडे बघण्याची त्याची नजरही बदलते.

आणि आपला वर्धा जिल्हा? आपल्याकडे बोर आहे. १९७० साली अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. तेव्हा सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प देशातला सगळ्यात लहान म्हणून ओळखला गेला. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री विदर्भातल्या जंगलांत पाणवठ्यांजवळ मचाणावर बसून प्राणी मोजायची जुनी पद्धत आहे. वैशाखात जंगलातलं पाणी आटलेलं असतं, उरलेल्या पाणवठ्यांवर प्राण्यांना यावंच लागतं, आणि वर चांदणं टिपूर. मागच्या वर्षी मलाही ही संधी मिळाली. डबा, पाण्याच्या बाटल्या, मळकट रंगाचे कपडे, सेंट-अत्तर बंद, बोलणं बंद. मोबाईल खिशात. सात वर्षांत लायब्ररीत एवढा गप्प बसलो नसेन! (हो, सात नाही, चार वर्षं, बॅक धरून पाच.) रात्रभरात तीन सांबर, एक रानडुकरांचा कळप, मोर, आणि पहाटे एक रोही. वाघ आला नाही. रूमवर आल्यावर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "वाघ दिसला का?" मी नाही म्हटल्यावर सगळे उठून मेसमध्ये गेले.

आता यातली शास्त्राची बाजू नीट समजून घ्या. त्या रात्री मी जे मोजलं त्यावरून बोरमध्ये सांबरं किती हे सांगता येतं का? नाही. तेच सांबर रात्री दोनदा पाण्यावर आलं असेल. कदाचित शेजारच्या मचाणावरही तेच दिसलं असेल. ढग आले तर आकडा कमी, आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला तर आणखी कमी. म्हणून वनविभागही आता या रात्रीला 'निसर्गानुभव' म्हणतो, वाघांच्या आकड्यासाठी कॅमेरा ट्रॅप लावतो. अनुभव म्हणून ती रात्र लाखमोलाची आहे, पण अनुभव वेगळा आणि अंदाज वेगळा.

मग अंदाज काढतात कसा? हे मेसमधल्या हरभऱ्यावर करून बघता येईल. डब्यात किती हरभरे आहेत माहीत नाही. ४० हरभरे काढा, शाईचा ठिपका द्या, परत टाकून नीट ढवळा. आता डोळे मिटून ५० काढा. समजा त्यात ठिपक्याचे ५ निघाले. म्हणजे दहातला एक ठिपक्याचा. ठिपक्याचे एकूण ४०, म्हणून डब्यात अंदाजे ४०० हरभरे. वाघाला ठिपका द्यावा लागत नाही, त्याच्या अंगावरचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येकाचे वेगळे असतात. पहिल्यांदा कॅमेऱ्यात कोण आले, नंतर त्यातले कोण पुन्हा आले, यावरून हिशोब. नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत वाघांसाठी वापरून दाखवली. ढवळणं नीट झालं नाही, म्हणजे काही वाघ कॅमेऱ्यासमोर येतच नसले, तर गणित चुकतं. म्हणून खरे लोक आकड्याबरोबर 'इतके अधिक-उणे' हेही लिहितात. आपण सर्व्हेइंगमध्ये एरर लिहायचा कंटाळा करतो, ती गोष्ट इथे सगळ्यात महत्त्वाची.

त्याआधी आपल्या देशात पंजाच्या ठशांवरून वाघ मोजत. १९६६ साली ओडिशाचे सरोज राज चौधरी यांनी ही पद्धत बसवली. काचेवर ठसा गिरवायचा, कागदावर उतरवायचा, आणि हा अमुक वाघ असं ठरवायचं. मातीत ओल जास्त असली की ठसा पसरतो, आणि गिरवणाऱ्याचा हातही सारखा नसतो. तरी तीस-पस्तीस वर्षं चाललं. मग २००४-०५ मध्ये राजस्थानातलं सारिस्का समोर आलं. कागदावर डझनाहून जास्त वाघ होते, जंगलात एकही नव्हता. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते आणि रजिस्टरमध्ये ते जिवंतच होते! त्यानंतर २००६ पासून देशभर नवी पद्धत आली. सारिस्काची ही गोष्ट मी दुसऱ्या वर्षाला असताना सरांकडून ऐकली होती. तेव्हा आम्ही सगळे "बाप रे" म्हणालो होतो. पुढे आम्ही काय केलं ते आता सांगतो.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारी संपत आला होता, गॅदरिंग झालेलं, सगळे थकलेले. एका शनिवारी रात्री उशिरापर्यंत पिक्चर, रविवारी कोणालाच जाग आली नाही. दुपारी वही उघडून मी मागच्या दोन रविवारांची सरासरी काढली, थोडी कमी केली (नाला उतरणीला लागलेला असतो ना, म्हणून अक्कल वापरून!) आणि लिहून टाकली. खाली 'वंचक २, खंड्या १, टिटवी ३' असं रोजचं ठोकून दिलं. खरं सांगतो, त्या वेळी काहीही वाटलं नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर रपट्याखाली धार नाही. डबकी तेवढी उरलेली. आम्ही टेप घेऊन उभे. पलीकडून एक बाबा बकऱ्या घेऊन येत होते. म्हणाले, "काय शोधून राहिले रे पोट्टेहो?" आम्ही म्हटलं, "बाबाजी, पाणी मोजायला आलो." ते हसायला लागले. "पाणी कुठं हाय आता? दहा-बारा दिवस झाले ना बंद होऊन. वरती मोटरी लागल्या गव्हाले."

दहा-बारा दिवस! म्हणजे ज्या रविवारी आमच्या वहीत धार वाहत होती आणि तीन टिटव्या फिरत होत्या, त्या रविवारी तिथे पाणीच नव्हतं. आमचं सारिस्का झालं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. मार्चमध्ये खालच्या गावचे सरपंच आमच्या सरांना भेटायला आले. त्यांना पुढच्या हंगामात नाल्यावर पोत्यांचा वनराई बंधारा घालायचा होता. बंधारा कधी घालायचा, तर पावसाळा संपल्यावर, धार चालू असताना. फार उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता, "तुमची पोरं दर आठवड्याला मोजतात म्हणे. धार कमी कधीपासून होते, बंद कधी होते, सांगा." सरांनी मला वही घेऊन बोलावलं. मी वही उघडली, आणि त्या पानावर आलो. सरपंचांनी वहीत बोट ठेवून विचारलं, "या तारखेला चालू होता न?" त्यांच्या समोर आणि सरांच्या समोर मला सांगावं लागलं की हे रीडिंग आम्ही रूमवर बसून लिहिलंय.

सर ओरडले नाहीत. त्यांनी लाल पेनने त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'वाचन घेतले नाही'. मग म्हणाले, "आता यांना सांग, किती वर्षांचा भरवशाचा आकडा आहे आपल्याकडे." मी म्हटलं, "सर, एका." सरपंच काही बोलले नाहीत, "बरं" म्हणून चहा पिऊन गेले. तो "बरं" अजून कानात आहे. बंधारा त्यांनी पुढे घातला, बाबाजींसारख्या माणसांना विचारून. आमच्या वहीपेक्षा तो आधार बरा होता.

असो. आता प्रत्यक्ष काम कसं करायचं ते लिहितो, म्हणजे नवीन मंडळींना उपयोगी पडेल.

धार कशी मोजायची? आपण हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये व्ही-नॉच शिकतो, पण नाल्यावर एक लिंबू पुरतं. (संत्रंही चालतं, पण विदर्भातलं संत्रं नाल्यात टाकायचं म्हणजे जिवावर येतं.) सरळ वाहणारा पाच मीटरचा तुकडा निवडा, वर लिंबू सोडा, खाली येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीनदा करा. समजा १५ सेकंद आले, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.३३ मीटर. तळाशी पाणी हळू असतं, म्हणून ०.८५ ने गुणा, ०.२८. पात्राची रुंदी १.५ मीटर, चार-पाच ठिकाणी पट्टी उभी करून सरासरी खोली ०.१५ मीटर, म्हणजे छेद ०.२२५ चौरस मीटर. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ६४ लिटर. तासाला दहा हजार लिटरचे तेवीस टँकर आपल्या रपट्याखालून जातात असा त्याचा अर्थ! एप्रिलमध्ये हॉस्टेलवर टँकर येतो तेव्हा हा आकडा आठवून बघा.

पाण्याचा दर्जा हा जरा नाजूक विषय. आम्ही सुरुवातीला विरघळलेला प्राणवायू, म्हणजे आपला डीओ, मोजायला लागलो तेव्हा खूश होतो. विंकलर पद्धत सगळ्यांना येते : तीनशे मिलीची बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, तिथेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड टाकून प्राणवायू बांधून टाकायचा, मग लॅबमध्ये आम्ल घालून हायपोने टायट्रेशन, स्टार्चचा निळा रंग गेला की वाचन. आमचं उत्तर लिटरला ९ मिलिग्रॅमच्या वर आलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला ५ आणि मासे-वन्यजीवांसाठी ४ पुरतात. म्हणजे आपला नाला म्हणजे गंगोत्रीच, असं आम्ही मिरवत होतो. सरांनी तापमान विचारलं. २८ अंश. मग म्हणाले, "अरे, २८ अंशाला पाण्यात साधारण ७.८ च मावतो. तुमच्याकडे वरचा आला कुठून?"

आला शेवाळातून. आम्ही रविवारी उशिरा उठून दुपारी बाराला नमुना घेत होतो. उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करतं आणि पाणी ओसंडून भरतं. रात्री तेच शेवाळ, बाकीच्या जीवांसारखं, प्राणवायू खातं, तयार काही करत नाही. सांडपाण्यामुळे शेवाळ जितकं माजलेलं तितका दिवस-रात्रीचा फरक मोठा. पुढच्या वेळी पहाटे सहाला नमुना घेतला तर आकडा निम्म्याच्याही खाली! मासे दुपारी मरत नाहीत, पहाटे मरतात, ते यामुळे. म्हणून आपल्या वहीत वेळ साडेसहाची आहे आणि ती बदलायची नाही. थंडीतही नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंशाला ९.१, ३० ला ७.६, ३५ ला ७ च्या आसपास. आपल्या वर्ध्याच्या उन्हाळ्यात डबक्यातल्या माशांची काय अवस्था होत असेल याचा विचार करा. जानेवारीतला आणि मेमधला आकडा तापमान न लिहिता शेजारी ठेवला तर ती तुलनाच चुकीची.

पाण्यात मैला मिसळतोय का हे बघायला एक स्वस्त चाचणी आहे. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली, आता जगभर वापरतात. बाटलीत औषधी कागदाची पट्टी असते, त्यात पाणी भरून एक-दोन दिवस उबेला ठेवायचं, पाणी काळं झालं तर मैल्यातले जंतू असल्याची दाट शक्यता. इन्क्युबेटर लागत नाही, आपल्या रूम तशाही इन्क्युबेटरच आहेत. बाटली काळी झाली म्हणजे किती जंतू हे कळत नाही, आहे-नाही एवढंच कळतं. तेवढंही पुष्कळ.

पण मला विचाराल तर सगळ्यात मजा किड्यांची. रासायनिक चाचणी त्या क्षणाचं सांगते. कोणी रात्री दोन वाजता घाण सोडली आणि सकाळपर्यंत ती वाहून गेली तर बाटलीत काही दिसणार नाही. दगडाखालचा किडा मात्र महिनोन् महिने तिथेच असतो, त्याला सगळं सोसावं लागतं. पिठाची जुनी चाळणी आणि एक पांढरा ट्रे एवढंच सामान. खळखळत्या पाण्यातले दगड उचलून चाळणीवर हलवायचे. चापट अंगाचा, दगडाला चिकटून राहणारा मेफ्लायचा पिल्लू-किडा मिळाला तर पाणी उत्तम. ब्रिटनमध्ये बसवलेल्या पद्धतीत त्याच्या कुळाला १० गुण आहेत. मोठ्या चतुरांच्या काही कुळांना ८, टाचणीच्या एका नेहमीच्या कुळाला ६, पाणभुंग्यांना ५, जळू आणि साध्या गोगलगायींना ३. चिखलात वळवळणारी लाल अळी, तिला २, कारण ती रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जोरावर जवळजवळ प्राणवायूविना जगते. गांडुळांसारख्या बारीक कृमींना १. मिळालेल्या कुळांची बेरीज करून कुळांच्या संख्येने भागलं की सरासरी. केंद्रीय मंडळानेही याच धर्तीवर आपल्या नद्यांसाठी जैविक निकष केलेत. आपल्या नाल्यावर रपट्याच्या वर टाचण्या मिळतात आणि मेसचं पाणी मिसळतं त्याच्या खाली फक्त लाल अळ्या. अंतर, शंभर पावलं. यात दोष कोणाचा हे शोधायला दूर जायची गरज नाही, रोज तीन वेळा ताट आपणच धुतो.

पक्ष्यांचं काम सगळ्यात सोपं, आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. नवीन माणूस फक्त 'भारी' पक्षी लिहितो. हिवाळ्यात चक्रवाक दिसला तर फोटोसकट, आणि कावळे-साळुंक्या सोडून देतो. असं करू नका. पंधरा मिनिटं एका जागी थांबा, ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहा, संख्येसकट. 'खूप' हा आकडा नाही. यादी पूर्ण असली की तिच्यात जे नाही त्यालाही अर्थ येतो : टिटवी लिहिलेली नाही म्हणजे टिटवी दिसली नाही. अर्धवट यादीत टिटवी नसेल तर ती नव्हती की तुम्ही लिहायचा कंटाळा केला, हे कोणालाच कळत नाही. शून्य हेही रीडिंग आहे, पण ते तिथे उभं राहून घेतलेलं हवं.

या याद्या ईबर्डवर टाकता येतात. २००२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ऑड्युबॉन संस्थेबरोबर ते सुरू केलं. आपल्या देशातल्या हौशी लोकांनी टाकलेल्या याद्यांवरून २०२० आणि २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचे अहवाल निघाले. दुसऱ्या अहवालात सुमारे तीस हजार लोकांच्या तीन कोटी नोंदी आणि ९४२ जाती आहेत. त्यातल्या दोन गोष्टी मला धक्का देऊन गेल्या. सगळे म्हणतात चिमणी संपली. २०२० च्या अहवालानुसार देशभरात मिळून ती साधारण स्थिर आहे, मोठ्या शहरांत मात्र कमी झाली. आणि ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं तो नीलपंख, दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, आपल्या विजेच्या तारांवर बसणारा आपला नेहमीचा नीलपंख, तो बारा वर्षांत तीस टक्क्यांहून जास्त घटल्याचं २०२३ च्या अहवालात दिसतं. आपल्याला वाटणं आणि वहीत असणं यात एवढा फरक!

गिधाडांचंही तसंच. १९९१ ते ९३ मध्ये देशभर ठरावीक रस्त्यांवरून गाडीने जाऊन गिधाडं मोजली गेली होती, तेव्हा ती जागोजागी होती. पुढे त्याच रस्त्यांवर पुन्हा मोजल्यावर कळलं की पांढऱ्या पाठीचं गिधाड २००७ पर्यंत ९९.९ टक्के संपलं. गुरांना देतात ते डायक्लोफेनॅक हे कारण २००४ साली सिद्ध झालं, २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पहिली मोजणी झालीच नसती तर घट किती हे कशाच्या आधारावर सांगितलं असतं? तेव्हा मोजणाऱ्यांना 'एवढी गिधाडं आहेत, मोजता कशाला' असं कोणीतरी नक्कीच म्हटलं असेल. आम्हालाही टिटव्यांबद्दल म्हणतात.

थोडं सुरक्षिततेचं. पावसाळ्यात पाणी रपट्याला टेकलं असेल तर खाली उतरायचं नाही, वरून पट्टी बघून परत. एकट्याने जायचं नाही. काठीने गवत हलवत चालायचं, घोणस आपल्या भागात भरपूर, आणि साप पकडायचा शहाणपणा कोणी करू नये. नमुना घेतल्यावर साबणाने हात. घरटं दिसलं तर लांबून बघा, नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका. आणि जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल नाही, मोजायलासुद्धा नाही.

कोणी विचारतं, आपल्या एका नाल्याने काय होणार? प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांवरच्या ठरलेल्या ठिकाणचे नमुने घेतं, पण त्यांचा माणूस आपल्या रपट्यावर येणार नाही, आणि यावा अशी अपेक्षाही नाही. आपला नाला मोठ्या नाल्याला मिळतो, तो नदीला, ती वर्धेला. मुलताईहून निघालेली वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीतून समुद्राला जाते. आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने २०१७ साली वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला नंबर काढला, तेही स्वतःच्या गावाचं पाणी स्वतः मोजून आणि अडवूनच. ते गाव आपल्या हॉस्टेलपेक्षा फार मोठं नाही.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात, त्याच दिवसांत आपल्या देशात कॉलेजांच्या आवारांसाठी 'कॅम्पस बर्ड काउंट' असतो. मागच्या खेपेला आपण नऊ जण होतो. या वर्षी कर्मचारी निवासातल्या मंडळींनीही यावं अशी विनंती आहे, कारण सुट्टीत आम्ही गावी जातो तेव्हा वहीत तीन-तीन आठवड्यांची भोकं पडतात. ती भोकं आता आम्ही भोकंच ठेवतो. समोर 'वाचन घेतले नाही' असं लिहिलेलं असतं.

वही मेसच्या काउंटरवर, तक्रारवहीच्या शेजारी ठेवलेली आहे. टेप, चाळणी आणि ट्रे मेसवाल्या काकांकडे मागावेत. चाळणी धुऊन परत द्यावी, नाहीतर काका बोलतात. लिंबू आपलं आपण आणावं. रविवारी सकाळी साडेसहा, मागचं गेट.